अप्पांच्या कानगोष्टी

सकाळी हजेरी झाली की आमचे मॅनेजर बसलिंगअप्पा सहा खुर्च्या ओळीनं मांडायचे आणि शेवटच्या खुर्चीवर स्वतः बसून उजवा कान पुढं करायचे. बाहेर दुष्काळ, फाटकाशी चाऱ्यासाठी आलेले लोक, आणि फाटक उघडायच्या आधी पाच मिनिटं सहकारी संघाची सहा पगारी माणसं कानगोष्टी खेळतायत! मी नवा कारकून. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून बालवाडीत रुजू झालो.

हे खूळ अप्पांनी पुण्याच्या कसल्याशा शिबिरातून धाराशिवला आणलं होतं. "हापिसात मानसं एकमेकाशी बोलत न्हाईत, म्हनून कामं बिघडतेत. बोला की! बोलायला काय पानी लागतं व्हय?" हे शेवटचं वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणत. भांडणाऱ्या हमालांना, गप्प कारकुनांना, एकदा तर न लागणाऱ्या फोनलासुद्धा.

पहिल्यानं निरोप कानात सांगायचा, तो ओळीनं पुढं जायचा आणि शेवटी अप्पा उठून जाहीर करायचे. "येरमाळ्याला पेंड आली" म्हणून निघालेला निरोप अप्पांच्या तोंडून यायचा, "यरवाळीच माळ्याला पेंग आली!" पेंड राहिली बाजूला, भल्या सकाळीच माळी पेंगायला लागायचा! आम्ही हसून लोळायचो. अप्पा बोट नाचवायचे, "बगा, सहा कानांत शब्दाची कशी खिचडी होती!"

एके दिवशी मी अप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर आलो. निरोप माझ्यापर्यंत धड आला होता, आणि मीही तो स्वच्छ सांगितला, "चेअरमनसाहेब गुरुवारी येतायत." अप्पांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, जरा घुटमळले आणि गरजले, "चेअरमनसाहेब गुरावरी येतायत!"

सगळे हसले. मला मात्र हसू येईना. अप्पांना ऐकू येत नव्हतं. शिपाई महबूबभाईंना बाजूला घेऊन मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "साब, त्या खुर्चीवर आमी समदेच बसून आलो. आता तुमीबी गप ऱ्हावा."

चेअरमन खरोखरच येणार होते. त्याला कारण होतं. सोनारी गावाला धाडायचा कडब्याचा ट्रक फोनवर चुकीचं ऐकून अप्पांनी सोनाराच्या दुकानापुढं उभा केला होता. मॅनेजर बहिरा झालाय, अशी तक्रार वर गेली होती. अप्पांच्या नोकरीला दीड वर्ष उरलेलं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. घरी बसवलं असतं तर हा माणूस बोलला कुणाशी असता?

गुरुवारी चेअरमन आले, जीपमधून. म्हणाले, "तो तुमचा खेळ दाखवा. पण प्रत्येकानं काय ऐकलं ते मोठ्यानं सांगायचं." अप्पांचा चेहरा उतरला. चेअरमननी पहिल्याच्या कानात निरोप सांगितला, "सोनारीला कडबा धाडा."

निरोप ओळीनं शेवटपर्यंत गेला. मग पहिल्या खुर्चीवरचा गोदामवाला उठला, "सोनाराला कडबा वाढा." दुसरा म्हणाला, "सुनंला कडबा वाढा." तिसरा, "सुनंला कढी वाढा." मी म्हणालो, "सुनेची कढी काढा." महबूबभाई खाकरून म्हणाले, "सुनंची दाढी काढा." आणि अप्पा, "पुण्याची गाडी काढा!"

आम्ही कुणी कुणाशी काहीही ठरवलं नव्हतं. चेअरमन पोट धरून हसले. "अप्पा, तुमचं सगळं हापिसच बहिरं! फोन या नव्या कारकुनाला घेऊ द्या," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अप्पा पहिल्या खुर्चीवर बसले. मला शेजारी बोलावून कानात म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय. कुनाला सांगू नगा." त्यांच्या हिशेबी ती कुजबुज होती. फाटकापर्यंत ऐकू गेली असेल.

तरी आम्ही तो निरोप रीतसर, एकेकाच्या कानात सांगत पुढं नेला. शेवटी महबूबभाई उठले, टोपी सारखी केली आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "यरवाळीच माळ्याला पेंग आली!"

अप्पा त्यांच्या ओठांकडं बघत होते. आधी हसले, मग उपरण्यानं डोळे पुसत बसले. बोलायला पाणी लागतं का, हे त्या दिवशी त्यांनी कुणालाच विचारलं नाही.