बाजेशेजारची गाय

कॉलेज रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या माणसाच्या हाती डॉक्टर सुमतीबाई आधी पेन्सिल देत. "राहतं घर काढा. विहीर, संडास, गुरं, सगळं." सिन्नरचे शेतकरी बुचकळ्यात पडत, मनमाडच्या एका रेल्वे फिटरने मात्र मोजमापांसह नकाशा काढून खाली सही ठोकली होती. कुणी कुरकुरलं, की बाई चष्म्यावरून बघत. "रक्त कुठं पळून जात नाही. आधी घर कळू द्या."

ती चित्रं फाइलला लावणं माझं, त्यांच्या सहायिकेचं, काम. एकदा मी म्हटलं, "बाई, तुमचं घर काढा ना." त्यांनी चौकोन काढला, दार काढलं आणि पेन्सिल ठेवली. "आत दाखवण्यासारखं काय आहे?"

नव्वदीच्या मध्यातल्या एका हिवाळ्यात आमच्या कॉलनीचा नेपाळी वॉचमन बायकोला घेऊन आला. सगळे त्याला बहादूर म्हणत. त्याचं नाव धनबीर, हे बाईंनी विचारलं तेव्हा मला कळलं. त्याच्या बायकोला, फूलमायाला, नेपाळच्या तराईतल्या गावाहून येऊन चारच महिने झाले होते. त्यातले दोन तापात गेले. चेहऱ्यावर विझल्या निखाऱ्याची करडी छाया, डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं टणक. मलेरियाची औषधं झाली, टायफॉइडचीही.

"डॉक्टर बोला, गाँव ले जाओ," धनबीर जमिनीकडे बघत म्हणाला. आता उपाय नाही, हा त्याचा अर्थ त्यालाही कळला होता. "और मेमसाब, इसको हिंदी नहीं आता."

"मेरेको भी कहाँ आता है. पेन्सिल दो उसको."

फूलमायाने मातीचं घर काढलं. एकच खोली. चूल, बाज आणि बाजेला लागून गाय.

"गाय घरात?" मला हसू आलं. बाईंना आलं नाही.

"दीवार गीली रहती है?"

धनबीरने मान हलवली.

"ओली माती, शेण आणि त्या फटींत वाढणारी इवलीशी माशी," बाई मला म्हणाल्या. "अगं, हा काळा आजार असेल. इकडे दिसत नाही, म्हणून कुणाला आठवला नाही."

बाईंच्या चिठ्ठीवरून इस्पितळात तिच्या हाडातल्या मगजाचा नमुना घेतला गेला. काचपट्टी मी रंगवली. स्पिरिटच्या उग्र वासात बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. जांभळ्या पेशींच्या पोटात खसखशीसारखे ठिपके दाटले होते. त्यांनी मलाही बघायला लावलं. "सापडले मेले."

बाहेर जाऊन त्या धनबीरला म्हणाल्या, "औरत बचेगी. महिनाभर रोज सुई. नागा नहीं करने का." तो तिथंच पायरीवर बसला आणि टोपीत तोंड खुपसून रडला.

आंब्याला कैऱ्या लागल्या तेव्हा फूलमाया तपासणीला आली. गालांवर रंग चढलेला, बांगड्या पुन्हा मनगटाला बसलेल्या. बाईंनी सवयीने पेन्सिल पुढे केली. "अब नया घर निकालो."

तिने वॉचमनची पत्र्याची खोली काढली. आत तीन ताटं आणि तीन माणसं. तिसऱ्याच्या नाकावर भला मोठा चष्मा.

"ये कौन?"

धनबीर संकोचला. "आप, मेमसाब. बोलती है, आप तो घर के हैं."

बाईंनी कागद हातात घेतला. मी फाइल उघडून पुढे केली.

"हे लावायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि कागदाची नीट घडी करून त्यांनी ती चष्म्याच्या डबीत ठेवली.