केवलरामच्या नावावरची फिट

१९६३ साली, भिलाईत कारखान्याचं बांधकाम जोरात असताना, आमच्या ठेकेदार कंपनीने कामगारांच्या मेंदूची काळजी घ्यायचं ठरवलं. हातापायांची काळजी आदल्या वर्षी घेऊन झाली होती. त्यासाठी 'मेंदू-आरोग्य प्रबोधन समिती' स्थापन झाली. कल्याण अधिकारी साहेब अध्यक्ष झाले आणि अक्षर बरं म्हणून मी चिटणीस झालो. पहिला विषय निघाला मिरगीचा. साहेब म्हणाले, "भाषणं पुष्कळ झाली. प्रत्यक्ष रुग्ण हवा."

मी केवलरामचं नाव सुचवलं. केवलराम मेश्राम टूल रूमच्या खिडकीवर पाने-हातोडे द्यायचा. त्याला मिरगी होती, पण दुर्गच्या डॉक्टरांची गोळी तो रोज न चुकता घ्यायचा. पाच वर्षांत एकही झटका नव्हता. हे फक्त त्याच्या बायकोला, भीमाबाईला, आणि शेजारी म्हणून मला ठाऊक होतं.

"कावून सांगता लोकाईले?" भीमाबाई त्याला म्हणाली. "झाकली मूठ झाकलीच बरी."

"लहानपणी मले गावभर जोडे हुंगवले, रामाजीभाऊले काय माहीत," केवलराम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "कोणाले तरी बोलाच लागन ना."

सेक्टर दहाच्या मैदानात मांडव पडला. केवलराम धुतलेला सदरा घालून उभा राहिला. "मिरगी म्हणजे भूतबाधा नाई. मेंदूचा आजार हाये. गोळी घेतली त माणूस काम करते. मी करूनच राहिलो ना! कोणाले झटका आला त कुशीवर वळवा, तोंडात काई कोंबू नका, आन् जोडा त बिलकुल हुंगवू नका." टाळ्यांनी मांडव हलला. साहेबांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आदेश निघाला. 'निर्माण झालेल्या जनजागृतीच्या अनुषंगाने' केवलरामला टूल रूममधून हलवण्यात आलं, कारण तिथे लोखंड होतं. त्याला कचेरीत टेबल मिळालं. टाकाला टोक असतं हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, म्हणून पेन्सिल दिली. पेन्सिलीलाही टोक करावं लागतं हे कळल्यावर टोक न केलेली पेन्सिल दिली. खुर्चीवरून माणूस पडू शकतो, म्हणून सतरंजी अंथरली. अखेरीस त्याला कोपऱ्यातली रिकामी खोली मिळाली आणि समोर देखरेखीला कवडू नावाचा शिपाई नेमला गेला. कवडूला स्टोअरमधून चामडी जोडा मंजूर झाला.

"जोडा नाई म्हनून तर बोललो होतो मी!" केवलराम म्हणाला.

हेडक्लार्क बळीरामजी शांतपणे म्हणाले, "ते भाषण होतं. नियमात दुसरी वस्तू लिहिलेली नाही. आणि हुंगवायला एक पुरतो हे मान्य, पण स्टोअर जोडीच देते."

केवलराम दुर्गला जाऊन डॉक्टरांचा दाखला घेऊन आला. डॉक्टरांनी एकाच ओळीत लिहिलं होतं: 'केवलराम मेश्राम, ड्युटीवर फिट.' बळीरामजींनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "ड्युटीवर फिट! बघा, डॉक्टरसुद्धा हेच सांगून राहिले," असं म्हणून त्यांनी दाखला नस्तीला लावला आणि खोलीत एक नोंदवही टांगली. तिच्या पहिल्या रकान्यात, रोज लिहायचा त्रास नको म्हणून, 'झटका आलेल्याचे नाव: केवलराम मेश्राम' असं पानोपान आधीच लिहून ठेवलं होतं.

मे महिन्यातली दुपार. मी सही घ्यायला त्या खोलीत गेलो होतो. केवलराम भिंतीला टेकून बसला होता. तेवढ्यात समोरचा कवडू स्टुलावरून कोसळला. हातपाय ताठ, डोळे पांढरे. मी दारातच थिजलो. केवलराम मात्र झटकन उठला. त्याने कवडूच्या डोक्याखाली सतरंजीची घडी सारली, गळ्याची गुंडी सोडली आणि झटका किती वेळ टिकतो ते भिंतीवरच्या घड्याळात पाहत बसला. हातपायांचे झटके थांबताच त्याला हलकेच कुशीवर वळवलं. आवाज ऐकून चारजण धावले. एकाने जोडा उचलला, तो केवलरामने हिसकून खिडकीबाहेर फेकला.

कवडू शुद्धीवर आला तेव्हा बळीरामजी नोंदवही उघडून उभे होते. आता त्यांना अडचण आली. रकान्यात नाव एकाचं, झटका दुसऱ्याला.

कवडूने केवलरामचा पाय धरला. "भाऊ, माह्या नलूचं लगन ठरून राहिलं. हे बाहेर गेलं त पोरीचं..."

केवलरामने त्याला धरून बसतं केलं. मग बळीरामजींना म्हणाला, "माह्यं नाव लिहून हायेच ना? खाडाखोड कायले करता? वेळ टाका." आणि कवडूच्या कानाशी वाकून म्हणाला, "पन दुर्गच्या डॉक्टराकडे जाजो. गोळी चालू कर. एवढं मले कबूल कर."

कवडूने मान हलवली. बळीरामजींनी सुटकेचा निःश्वास सोडून वेळ टाकली. मी साक्षीदार म्हणून सही केली.

प्रत्यक्ष झटक्याची नोंद झाल्यावर केवलरामला 'त्याच्याच सुरक्षेसाठी' सेवामुक्त करण्यात आलं. भीमाबाईने सामान बांधताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दोघं जवळच्या उतई गावाला गेली. उतईपर्यंत प्रबोधन पोचलेलं नव्हतं, त्यामुळे सायकलच्या दुकानात त्याला लगेच काम मिळालं. लोखंडाचंच.

पुढच्या वर्षी पुन्हा मांडव पडला. साहेब माइकवर म्हणाले, "आजार लपवू नका. गेल्या वर्षी एका बंधूने धैर्य दाखवलं, आपण त्याची किती काळजी घेतली ते सर्वांनी पाहिलंच आहे. ज्यांना मेंदूचा काही त्रास असेल, त्यांनी निःसंकोच हात वर करावा."

तीनशे माणसांत एकही हात वर झाला नाही. दाराशी उभ्या कवडूने दोन्ही हात पाठीमागे घेतले. साहेबांनी मला अहवालाचा मजकूर सांगितला: 'वसाहतीत मेंदूविकाराचा एकही रुग्ण उरलेला नाही. मोहीम शंभर टक्के यशस्वी.'

मी तो जसाच्या तसा उतरवला. गेल्या दिवाळीपासून बोलता बोलता माझी जीभ अडखळते, डावा हात मधूनच बधिर होतो. पण मी हात वर करू शकलो नाही, कारण मी लिहीत होतो. तुम्हीही कधी हात वर केला नसेल, तर तुमच्या हाताला त्या वेळी काय काम होतं, ते कळवलंत तर अहवालात तेही घालतो.