आजोबांच्या वेळचा कोश

शाळेचा शेवटचा आठवडा होता आणि बाईंना दोन कामं एकाच तासात उरकायची होती. फळ्याच्या डाव्या बाजूला अंडी, अळी, कोश, फुलपाखरू असं चक्र काढून झालं होतं. घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता. हातावरची खडूची भुकटी झटकत बाई म्हणाल्या, "आता नीट ऐका. शनिवारी आपला वर्षाचा शेवटचा कार्यक्रम. पालक येतील, मोठे सर येतील. ज्यांच्या घरी कोश असेल त्यांनी घेऊन यायचा. लहान, मोठा, जुना, कसाही चालेल. सगळ्यांसमोर उघडू आणि आत काय काय दडलेलं असतं ते बघू!"

बाईंच्या डोक्यात भाषेचा तास सुरू झाला होता आणि त्या शब्दकोशाबद्दल बोलत होत्या. वर्ग मात्र अजून फळ्याच्या डाव्या बाजूलाच होता.

खिडकीजवळच्या बाकावर भिंगरी बसली होती. एका जागी टिकत नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव शाळेतही चिकटलं होतं. वर्गाने तिला आणखी एक नाव दिलं होतं, थापाडी. सहामाहीच्या सुमारास तिने सांगितलं होतं की गोगलगायीला दात असतात आणि तेही हजारो. गोष्ट खरी होती, पण गोगलगाय तोंड उघडून दाखवेना, त्याला भिंगरी काय करणार?

त्या संध्याकाळी बाबा जेवणाच्या टेबलावर कुणाचा तरी चष्मा खोलून बसले होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि उरलेलं काम घरी यायचं.

"बाबा, आपल्याकडे कोश आहे?"

"आहे की. माळ्यावर."

"आपल्या माळ्यावर?"

"आजोबांच्या वेळचा आहे. असला जाडजूड! उचलायला दोन हात लागतात."

भिंगरीने दोन्ही हात समोर धरून त्यांच्यामधल्या हवेकडे पाहिलं. तिथे एक बरंसं मांजर मावलं असतं. "मग तो कुणी उघडला नाही?"

"कोण उघडतंय! आजोबा गेल्यापासून कुणी हात लावला नाही."

"म्हणजे आतलं सगळं अजून आतच आहे?"

"जसंच्या तसं. जाणार कुठे?"

"आणि उघडल्यावर काय निघेल?"

बाबांनी बारीक स्क्रू ओठांत धरला होता. तो काढून ते म्हणाले, "तुला हवं ते निघेल. जगात जे जे म्हणून आहे, ते सगळं त्यात आहे."

त्या रात्री भिंगरीचं जेवणात लक्ष नव्हतं. नखाएवढ्या कोशातून तळहाताएवढं फुलपाखरू निघतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. त्या हिशेबाने मांजराएवढ्या कोशातून जे निघेल, त्याचे पंख वर्गाच्या दोन्ही भिंतींना टेकायला हवेत. तिने माळ्याच्या बंद झडपेकडे पाहिलं आणि ती आवाज न करता पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी फुटली. शेजारी बसणारा मुलगा प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"पुरावा?" वकील म्हणाला.

"शनिवारी बघ ना."

"आणि काहीच नाही निघालं तर?"

"निघेल!"

"नाही निघालं, तर पुढचं अख्खं वर्ष खिडकीची जागा माझी. आणि तू कायमची थापाडी. आहे कबूल?"

खिडकीबाहेरच्या ओलसर भिंतीवर गोगलगायी राहत. भिंगरीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि हात पुढे केला.

त्यानंतर शाळेत दोन तयाऱ्या शेजारीशेजारी चालू झाल्या आणि एकीने दुसरीला अडवलं नाही. मुलींनी कोवळी पानं गोळा केली. बाटलीच्या झाकणात पाणी आलं. शिपाईमामांना सांगून सगळ्या खिडक्यांच्या कड्या सैल करून घेतल्या गेल्या. "पोरांना हवेचं महत्त्व कळायला लागलं," असं मोठे सर कौतुकाने म्हणाले. बाईंनी मधल्या टेबलावर मखमली कापड अंथरलं.

"बाई, तो उघडताना ओरडायचं नाही ना?" एका मुलीने विचारलं.

"मुळीच नाही. कोश शांतपणेच उघडायचा असतो."

संध्याकाळी फाटकाशी बाईंनी बाबांना गाठलं. "अहो, वर्गभर तुमच्याच कोशाची चर्चा आहे. मुलं कोशासाठी इतकी वेडी झालेली मी कधी पाहिली नाहीत." मग त्यांना एक शंका आली. "वाळवी नाही ना लागलेली?"

"छे! खाली काढलाय, रोज उन्हात ठेवतोय."

गॅलरीत जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते गाठोडं उन्हाने कोमट झालं होतं. भिंगरी दबकत त्याच्याजवळ गेली.

"सोडू नकोस हं," आतून बाबा ओरडले. "पाठीवर उकलायला लागलाय तो!"

भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. कोश पाठीवरच उकलतो, बाईंनी हेच शिकवलं होतं. तिने चादरीला कान लावला. करकर, करकर.

"बाबा! आतून आवाज येतोय!"

"जुनी पानं गं. उन्हाने करकरतात."

"आत पानंसुद्धा आहेत?"

"हजारो!"

म्हणजे शिदोरीही बरोबरच होती. भिंगरीने हळूच चादरीवर हात ठेवला आणि पुटपुटली, "शनिवारपर्यंत थांब."

शनिवारी वर्ग खच्चून भरला. एरवी मागच्या बाकांसाठी भांडणारी मुलं पुढे दाटीवाटीने बसली होती, आणि इतकी गप्प, की पालक एकमेकांकडे पाहायला लागले. मोठे सर खुर्चीवरून उठले. "आज एक अमूल्य ठेवा आपल्यासमोर उलगडणार आहे," असं म्हणून त्यांनी चादर ओढली.

मखमलीवर एक जाडजूड पुस्तक होतं.

कुणीतरी टेबलाखाली वाकून पाहिलं. कुणीतरी छताकडे पाहिलं.

"कोश कुठाय?" पहिल्या रांगेतून आवाज आला.

"हा काय! शब्दकोश," बाबा अभिमानाने म्हणाले.

वकिलाने खिडकीच्या जागेकडे पाहिलं. भिंगरीचे कान लाल झाले. बाईंची नजर आधी मुलांच्या हातातल्या पानांवर गेली, मग पाण्याच्या झाकणावर, मग फळ्याच्या डाव्या बाजूला. तिथलं चक्र अजून पुसायचं राहिलं होतं. बाईंना हसू फुटणार होतं, तेवढ्यात त्यांना भिंगरीचा चेहरा दिसला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "कोश म्हणजे काय, ते कोशालाच विचारू." त्यांनी पानं उलटली आणि वाचलं, "कोश. तलवारीचं म्यान. खजिना. रेशमाचा किडा स्वतःभोवती विणतो ते घर. शब्दांचा संग्रह."

"इतके सगळे एकाच शब्दात राहतात?" पाण्याचं झाकण धरलेली मुलगी म्हणाली. वर्ग पुढे सरकला.

"अर्थ निघाले," वकील म्हणाला. "पंख कुठे निघाले?"

सगळ्यांना दिसावं म्हणून बाईंनी पुस्तक दोन्ही बाजूंनी दाबून सपाट केलं. उन्हात तापलेली बांधणी कडाडली आणि पुठ्ठा पाठीवर उकलला. आतल्या पोकळीतून मातीचा तुकडा मखमलीवर पडला. मागे राहिलेल्या वाटोळ्या भोकातून आधी मिशा आल्या. त्या हलल्या, थांबल्या, पुन्हा हलल्या.

"कुणी हलू नका," भिंगरी म्हणाली, आणि मोठे सरसुद्धा हलले नाहीत.

डोकं आलं. पाय आले, एकेक करून. दोऱ्याएवढी बारीक कंबर आली आणि शेवटी चुरगळलेले, पारदर्शक पंख. ती उघड्या पानावर उभी राहिली आणि पुढच्या पायांनी मिशा पुसू लागली, दुसरीकडे कुठे जायची घाईच नसल्यासारखी. बाबांनी खिशातलं भिंग काढून पुढे केलं. भिंगाखाली पंखांत इंद्रधनुष्य चमकलं आणि पालकांच्या रांगेतून एक मोठा, नकळत सुटलेला "आऽऽ" ऐकू आला.

"कुंभारीण माशी," भिंगरी कुजबुजली. "मातीचं घर करते. एकटीच राहते. पकडलं नाही तर काही करत नाही."

"पालकांनी घाबरून जाऊ नये!" मोठे सर म्हणाले. आता ते खुर्चीवर उभे होते.

पंख ताठ झाले. माशीने 'कोश' या शब्दावरून चालत पानाची कड गाठली आणि सैल कड्यांच्या उघड्या खिडकीतून ती उडून गेली.

"पुरावा दाखल करून घेतला," वकील म्हणाला. मग भिंगरीजवळ सरकून त्याने हळूच विचारलं, "त्या गोगलगायीचे दात... किती म्हणालीस?"

सुट्टी लागली. कोश घरी आला आणि जेवणाच्या टेबलावर, उघड्या खिडकीसमोर मुक्कामाला राहिला. शेजारी पाण्याचं झाकण होतं. वकील रोज सकाळी येऊन समोर बसायचा.

एका सकाळी दुकानाचा नवा फलक रंगवणारा पेंटर ओला ब्रश घेऊन दारात उभा राहिला. "साहेब, 'दृष्टिदोष'मधला 'टि' ऱ्हस्व की दीर्घ? रंग सुकतोय."

"थांबा, आपल्याकडे कोश आहे," म्हणत बाबा रुबाबात टेबलाकडे वळले. त्यांनी पुठ्ठ्याला बोट लावलं मात्र, दोन पोरं एकदम अंगावर आली.

"बाबा, हात लावू नकोस!"

"अगं, एकच शब्द बघायचाय!"

"अंदाजाने लिहा, काका," पुस्तकाला कान लावत वकील म्हणाला. "आत कुणीतरी आहे."