अकरा सेकंदांची हेमा

"नापास," त्र्यंबकराव म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

नवा टीव्ही घरात येऊन पुरते सहा तासही झाले नव्हते. पासष्ट इंची ओएलईडी, डोंबिवलीच्या वन बीएचकेची अर्धी भिंत खाऊन बसलेला. तो घेऊन देणारे जावई केदार आणि मुलगी आसावरी मुद्दाम बाळकुमहून आले होते. दोघांचेही चेहरे पडले.

"अहो बाबा, नापास काय? परीक्षा आहे का ही?" आसावरी म्हणाली.

परीक्षाच होती. त्र्यंबकरावांनी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. रंगाचं पिंप आलं की थोडा रंग काढायचा, कपाटातल्या राखीव नमुन्याशेजारी धरायचा, केसभर फरक दिसला की नापास. निवृत्त झाल्यावर तरी माणसाने सुधारावं की नाही? पण छे! भाजीवाल्याची भेंडी, गॅसचं सिलिंडर, आसावरीला सांगून आलेली स्थळं, सगळी याच चरकातून गेली. केदार तिसऱ्या फेरीत पास झाला होता. तेव्हा दुकानदार बिचारा "सात दिवस घरी बघा, नाही पटला तर परत" असं म्हणाला, ते आपण कोणाला म्हणतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

टीव्ही तपासायला त्र्यंबकरावांकडे कसोटी एकच होती. हेमा.

हेमाताई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. मोबाइल समोर धरला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या, त्यामुळे हलती-बोलती हेमा उरली होती ती फक्त आसावरीच्या लग्नाच्या व्हिडिओत. त्यातही कन्यादानाची दुसरी डिस्क शूटिंगवाल्याने घालवली. पहिल्या डिस्कमध्ये अक्षता पडून झाल्यावर हेमाताई लगबगीने येतात, कॅमेऱ्यापुढे हात धरून "माझं नको हो, पोरीचं काढा" म्हणतात आणि निघून जातात. अकरा सेकंद. पेन ड्राइव्हवर उतरवलेल्या या डिस्कमधले हे अकरा सेकंद त्र्यंबकराव रोज चहाबरोबर बघायचे.

अकराच सेकंद का, तर मुलीच्या आईने लग्न लागताना बघायचं नाही, तुळशीपाशी उभं राहायचं, ही त्यांच्याकडची रीत. हेमाताई त्या दिवशी म्हणाल्या होत्या, "एकुलती एक पोर आहे हो, जरा डोकावते." त्र्यंबकराव म्हणाले होते, "रीत म्हणजे रीत." वर रात्री विचारलंही, "पाहिलं नाहीस ना?" "नाही हो," हेमाताई म्हणाल्या होत्या. तेव्हा बरं वाटलं होतं. आता मात्र ते 'नाही हो' आठवलं की ते हातातला घास परत ताटात ठेवायचे. चौतीस वर्षांत एक पिंप चुकीचं पास केलं नाही आणि घरात हे काय करून बसलो, असं त्यांना वाटायचं. कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. जिच्याजवळ बोलायचं तीच नव्हती.

तर नव्या टीव्हीवर हेमाताई आल्या त्या चौकोनी ठिगळांच्या गोधडीसारख्या. नाक कुठलं, डोळे कुठले, काही कळेना.

"बाबा, व्हिडिओ जुना आहे, टीव्ही एकदम भारी आहे. दोघांचं जमत नाहीये, एवढंच," केदार म्हणाला.

"केदारराव, जुन्या टीव्हीवर ती स्पष्ट दिसायची. लावा जुना, शेजारी ठेवून बघू."

केदारने आसावरीकडे बघितलं. आसावरीने खिडकीकडे. जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये सकाळीच, त्र्यंबकराव भाजीला गेले असताना, टेम्पोतून गेला होता.

"राखीव नमुना देऊन टाकलात?" त्र्यंबकरावांचा आवाज एवढा चढला की समोरच्या विमलाबाईंनी दार उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते कोणालाही न सांगता विठ्ठलवाडीच्या गोडाउनला गेले. तिथे तीनशे टीव्ही एकावर एक रचलेले. आपला कसा ओळखणार? गोडाउनवाला म्हणाला, "काका, कुठलापण घेऊन जा ना, सगळे भंगारच." हे ऐकून त्र्यंबकरावांनी त्याला नमुना आणि भंगार यांतला फरक वीस मिनिटं समजावून सांगितला. शेवटी सुटका करून घ्यायला त्यानेच हमाल लावून टीव्ही शोधला. त्र्यंबकराव रिक्षातून परतले ते बत्तीस इंची टीव्ही मांडीवर घेऊन, आणि तो जेवणाच्या टेबलावर बसला. तेव्हापासून जेवण ओट्यापाशी, उभ्याने.

मग तक्रारींचा सपाटा सुरू झाला. पाच दिवसांत नऊ. सातव्या दिवशी दुपारी कंपनीने विनीत नावाचा तंत्रज्ञ पाठवला. केदार-आसावरीही रजा टाकून आले, कारण परत करायचा हा शेवटचा दिवस होता.

"नो टेन्शन, काका," विनीतने रिमोट हातात घेतला. "यात एआय आहे. एक बटण दाबलं की आजी एकदम नव्या."

त्याने बटण दाबलं. ठिगळं गेली. पडद्यावर एक तुकतुकीत बाई आली, साबणाच्या जाहिरातीतली असावी अशी, आणि म्हणाली, "माझं नको हो, पोरीचं काढा."

"हिचा तीळ कुठाय? हनुवटीवरचा?"

"डाग वाटला असेल, काका. एआय डाग साफ करतो."

"तो डाग नव्हता हो," त्र्यंबकराव म्हणाले. आवाज चढला नाही, उलट एकदम बसला. आसावरी उठून आत पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

विनीत चपापला. त्याने एआय बंद केला, सगळ्या करामती बंद केल्या आणि म्हणाला, "आता याचं ओरिजिनल पिक्चर बघा. काळ्यातलं बारीकसारीकही दिसतं, पण पूर्ण काळोख लागेल."

भर दुपारी काळोख कुठून आणणार? केदारने खिडक्यांवर चादरी लावल्या, त्या पुरल्या नाहीत म्हणून सतरंजी लावली, दाराच्या फटीला टॉवेल खोचला. आणि इथे भलतंच झालं. समोरून विमलाबाईंना दिसलं ते एवढंच: दिवसाढवळ्या खिडक्या झाकलेल्या, मुलगी-जावई अचानक आलेले, आत सामसूम. दहा मिनिटांत त्या पिठलं-भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या, डोळ्यांना पदर लावून.

"कधी गेले गं भावजी?"

"मी इथे आहे," अंधारातून त्र्यंबकराव म्हणाले.

पातेलं सुटता सुटता राहिलं. "अहो, मग सांगायचं ना! मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकून बसले!"

तेवढ्यात केदारचा फोन वाजायला लागला. त्याने तो उशीखाली खुपसला. विमलाबाई भिंतीला टेकून धापा टाकत बसल्या.

"सुरुवातीपासून लावा," त्र्यंबकराव म्हणाले. "नमुना अर्धवट तपासत नाहीत."

केदारने व्हिडिओची प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढली आणि दोन्ही टीव्हींवर एकदम लग्न सुरू झालं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुसऱ्याच कडव्याला लग्नाच्या हॉलची वीज गेली. जनरेटरवाला जेवायला बसला होता, त्यामुळे पुढची चार मिनिटं कॅमेऱ्याच्या दिव्यात फक्त नवरानवरी आणि बाकी काळं. हा भाग त्र्यंबकराव नेहमी पळवायचे. काळोखात काय बघायचं?

जुन्या टीव्हीवर आताही काळंच होतं. नव्यावर त्या काळ्यात काहीतरी हललं.

"डावीकडे कोण आहे?" केदार म्हणाला.

केळीच्या खांबाआड कोणीतरी उंचावर उभं होतं. पुसट, पण होतं. टाचा उंचावलेल्या, मान पुढे काढलेली, एक हात तोंडावर घट्ट दाबलेला.

"आई," आसावरी म्हणाली. "बाबा, ती आई आहे."

हेमाताई प्लास्टिकच्या खुर्चीवर उभ्या राहून पोरीचं लग्न बघत होत्या. आणि खाली ओणवं होऊन, खुर्चीचे पाय दोन्ही हातांनी गच्च धरून, आणखी एक बाई होती.

सगळ्यांनी विमलाबाईंकडे माना वळवल्या.

"अगं बाई," विमलाबाई म्हणाल्या, "दिसलं होय ते!" आणि त्यांना रडू फुटलं. "शपथ घातली होती हो तिने मला. आम्ही तुळशीपाशीच होतो. लाइट गेली तशी माझा हात ओढला. म्हणाली, विमल, अंधारात कसली आलीय रीत, चल! अख्खं लग्न बघितलं तिने, भावजी. मेली माझी कंबर आठवडाभर दुखत होती."

"म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली," त्र्यंबकराव म्हणाले.

विमलाबाईंनी मान खाली घातली.

"बरं केलं," ते म्हणाले. "फार बरं केलं गं, हेमा." आणि हा माणूस, जो स्मशानातही यादी हातात धरून उभा होता, तो जावयासमोर, परक्या पोरासमोर हुंदके देऊन रडला. आसावरीने त्यांचा हात धरला.

विनीतने घड्याळ पाहिलं. टीव्ही परत न्यायला आणलेला टेम्पो खाली उभा होता, उशीखाली फोन वाजतच होता आणि जिन्यात सोसायटीची माणसं चढत असल्याचा आवाज येत होता. त्याने हळूच रिमोट उचलला. "काका, थांबवू का? परत न्यायचा की ठेवायचा, तेवढं सांगा."

त्र्यंबकरावांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"हळू बोला हो," ते म्हणाले. "तिचं बघून व्हायचंय अजून."