शेळीच्या डोक्यातला सिंह

एका जंगलात, बाळांनो, नाटकाचं भारी वेड होतं. एक वेळ पाणवठा आटला तरी चालेल, पण वार्षिक नाटक झालंच पाहिजे. अध्यक्ष अर्थातच सिंहमहाराज.

तिथली एक प्रथा होती. प्रयोग संपला की अध्यक्षांनी मुख्य कलाकाराचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा आणि मग त्याला खायचं. शाल धुऊन पुढच्या वर्षी वापरत. त्यामुळे त्या रंगभूमीवर दरवर्षी नवा चेहरा दिसे. जाणकार म्हणत, नवोदितांना इतकी संधी दुसऱ्या कुठल्याच जंगलात नाही.

यंदा मुख्य भूमिकेसाठी चिठ्ठी शेवंता शेळीची निघाली. घरी दूधपिती करडं.

नाटक डॉक्टर घुमटकर घुबडाचं. त्यांनी मेंदूचा सखोल अभ्यास केला होता, आणि तसं ते स्वतःच सांगत. नाटकात सिंहाचा मेंदू काढून शेळीच्या डोक्यात बसवतात आणि शेळी शेवटपर्यंत विचारत राहते, की मी कोण?

तालमीत शेवंतानं भीतभीत विचारलं, "डॉक्टरसाहेब, पण मग मी कोण हो?"

"मेंदू ज्याचा, तोच तू," घुमटकर म्हणाले. "शरीर म्हणजे नुसता अंगरखा. पाय दुखतो म्हणतो आपण, पण दुखणं पायात नसतं, मेंदूत असतं. पाठ कर."

शेवंतानं पाठ केलं. दुसरं होतं काय तिच्या हातात?

प्रयोग रंगला. हत्तीला ओ की ठो कळलं नाही, म्हणून त्यानं सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. लेखकाच्या नावाचा गजर झाला. मग महाराजांनी शेवंताला शाल पांघरली, नारळ दिला आणि मिशा पुसल्या.

शेवंता म्हणाली, "महाराज, माझ्या डोक्यात मेंदू आपला आहे. म्हणजे मी आपणच. स्वतःला कसं खाणार?"

महाराज विचारात पडले. मग म्हणाले, "डोकं ठेवतो. मानेखालची शेळी खातो."

"खा की. पण दुखणं मेंदूत असतं, महाराज. आणि मेंदू तर आपला."

गेल्याच आठवड्यात महाराजांची दाढ ठणकली होती. त्यांनी पंजा मागे घेतला. "काय हो डॉक्टर, खरं का हे?"

आता, हे नुसतं नाटक आहे असं डॉक्टरांना म्हणता आलं असतं. पण समोर अख्खं जंगल बसलेलं, गजर अजून कानात घुमतोय. अशा वेळी कोण विद्वान माघार घेतो?

"शंभर टक्के खरं," ते म्हणाले.

"आणि तुमच्या डोक्यात कोणाचा मेंदू आहे?"

घुमटकरांनी छाती फुगवली. "माझा स्वतःचा, महाराज. त्यात दुसऱ्या कोणाचा अंशही सापडायचा नाही."

"म्हणजे दुखेल ते तुम्हालाच."

"उघडच आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हे शेवटचं व्याख्यान.

शेवंता नारळ घेऊन घरी गेली. करडं लुचायला धावली. आपण कोण, हा प्रश्न तिला पुन्हा पडला नाही.

तात्पर्य: बाळांनो, स्वतःला जरूर ओळखा. फक्त अध्यक्ष अजून जेवायचे असतील, तेव्हा ते कोणाला सांगू नका.