बिसेनकाकूंची रोपं

रोप उपटण्याआधी त्याची माफी मागणारी एकच बाई मी पाहिली, आमच्या आमगावातल्या शेजारीण बिसेनकाकू. बी पेरताना त्यांचा हात आवरत नाही. "एखादं नाही उगवलं तं?" म्हणत अख्खी पुडी एकाच वाफ्यात रिकामी करतात. मग सगळंच उगवतं. दाटी झाली की काकू विरळणीला बसतात आणि एकेका रोपाला समजावतात, "रागावू नोको बापा, तुले चांगल्या घरी देऊन राहिली."

ते चांगलं घर बहुतेक वेळा माझं असायचं. मागच्या वर्षी वांग्याची रोपं आली होती.

या वर्षीही ओल्या कागदात गुंडाळलेली जुडी घेऊन त्या दारात आल्या. "गुरुजी, सांजच्यान लावजा. वरून पळसाचं पान झाकजा." आणखीही काही सांगत होत्या, मी मोबाईल पाहत मान हलवली. त्या वळल्या आणि मी जुडी मागच्या नालीत टाकली. शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारा माणूस मी!

चौथ्या दिवशी काकू दारात. "लागली का जी रोपं?"

"लागली ना!"

महिन्याभराने पुन्हा. "फुलं धरली का?"

"भरपूर!"

नालीतली रोपं मी अशी तोंडानेच वाढवत नेली. आणखी महिन्याने त्या म्हणाल्या, "येऊ का पाहायले?" मी घाबरलो. "आज पाहुणे आहेत," म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून अर्धा किलो वांगी आणून त्यांना दिली. "तुमच्याच रोपांची, काकू."

काकूंनी वांगी उलटीपालटी करून पाहिली. "मोठी झाली जी," एवढंच बोलल्या. संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी वाटीभर घरी आली.

वाटी परत करायला गेलो तर अंगणात मिरचीची झाडं लगडलेली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आम्हाला दिलेली रोपं कोणत्या वाफ्यातली हो?"

"हीच तं होय."

"ही मिरची आहे."

"मंग? मिरचीच देल्ली होती."

वाटी माझ्या हातातच राहिली. कान तापले. काकू खाली बसून शेजारच्या नव्या वाफ्यातली रोपं उपटत होत्या. वर पाहिलंही नाही.

"काकू, तुम्हाला माहीत होतं? मग इतके दिवस विचारत कशाला होतात?"

त्यांचा हात थांबला. नवरा गेलेला, दोन्ही लेकी बालाघाटकडे दिलेल्या. "रोपाचं इचारल्याबिगर," त्या हळूच म्हणाल्या, "कोणाच्या दारी उगीच कसं उभं राहू जी?"

समोर उपटलेली रोपं पडली होती, ती उचलली. "मला लावता येत नाहीत. आता माझ्यासोबत येता का? चहाही घेऊ."

"आत्ता?"

"आत्ताच."

काकू उठल्या, हात धुतले आणि घरात गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात. मग दार उघडलं. वीस पावलांवरच्या माझ्या घरी यायला काकू ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या.

मी मान खाली घालून पुढे चालू लागलो.