सर्जेरावांची मर्जी

आमच्या शेजारचे सर्जेराव आजवर कधी पडलेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात शेवाळावरून घसरून ते गल्लीत सगळ्यांदेखत आडवे झाले, तेव्हाही मी हात द्यायला धावलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे सर, जरा बसलोय. आपल्या मर्जीनं." एसटी चुकली, की त्यांनीच ती सोडलेली असते. म्हशीनं लाथ मारली, की यांनीच तिला मारू दिलेली असते. आणि आवाज असा, की यांनी घरात चहा मागितला तर कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं आधण ठेवावं.

ही मर्जी आजवर गल्लीच्या करमणुकीचा विषय होती. आता तिच्यापायी माझी झोप उडाली आहे. सर्जेरावांच्या अपिलाचा निकाल यायचा आहे, आणि पोस्टमन गल्लीत शिरला की त्यांच्याआधी मीच दाराशी जाऊन उभा राहतो.

सर्जेराव एका फौंड्रीत होते. मालकाला जुनी माणसं कमी करायची होती. मॅनेजरनं यांना दुपारभर केबिनमध्ये उभं केलं आणि सांगितलं, राजीनामा द्या, नाहीतर भंगारचोरीचा आळ घालून काढतो. सर्जेरावांनी सही केली. इथवर कुणीही समजू शकतं. पण पुढचं कोल्हापूरचाच माणूस करू जाणे. त्यांनी अख्ख्या खात्याला तांबड्या-पांढऱ्याचं जेवण घातलं, स्वतः भगवा फेटा बांधला आणि रश्श्याची पहिली वाटी मॅनेजरच्या हातात दिली. त्याचे फोटोही निघाले.

नोकरी गेलेल्या कामगाराला विम्यातून काही महिने बेकारी भत्ता मिळतो. सर्जेरावांचा अर्ज नामंजूर झाला. आपणहून नोकरी सोडणाऱ्याला भत्ता नाही, आणि पुरावा म्हणून कंपनीनं जेवणाचा फोटो जोडला होता. घरात दुसरी मिळकत नाही, मुलगी अजून शिकते आहे. मी शाळेत शिकवतो, त्यामुळं गल्लीचे अर्ज माझ्याकडंच येतात. अपीलही मीच लिहून दिलं.

लिहिणं सोपं होतं. सुनावणीची तयारी करून घ्यायला बसलो आणि मला घाम फुटला. मी साहेब व्हायचो, आवाज जड करून विचारायचो, राजीनामा स्वखुशीनं दिला का? की हे गृहस्थ छाती काढून म्हणायचे, "व्हय की. आपल्या मर्जीनं." मी चिडलो, हात जोडले. मला घालवलं, एवढं एकच वाक्य बोला म्हणून विनवलं. ते मान हलवायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

सुनावणीला सर्जेरावांबरोबर त्यांच्या घरच्या शालनवहिनीही आल्या. नवऱ्यानं शरीर थकलं म्हणून नोकरी सोडली, असंच त्या धरून चालल्या होत्या. आज कुठल्याशा कागदावर सही करायची आहे, एवढंच त्यांना सांगितलेलं. दाराशी येताच सर्जेरावांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. त्या बसल्या. दार मात्र उघडंच राहिलं.

साहेबांनी फोटो पुढं सरकवला. "घालवलेला माणूस असं जेवण घालतो का?"

सर्जेराव काहीतरी पुटपुटले. अगदी शेजारी बसूनही मला ऐकू आलं नाही. या माणसाचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. कारकून म्हणाला, लिहून घ्यायचंय, मोठ्यानं सांगा.

त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं.

"घालवलं मला, सायेब. चोर ठरवतो म्हणाले, म्हणून सही क्येली. ज्येवान घातलं ते हिच्यासाठी. आपला माणूस मानानं घरी आला, असं तिला वाटाय पायजे हुतं. फोटू तिला दावायलाच काढलता."

सगळ्या इमारतीला ऐकू गेलं असणार. कारकून लिहायचा थांबला. मी खाली फरशीकडं बघत राहिलो, मला वर बघवेना.

वहिनी आत आल्या. कोपऱ्यातली खुर्ची ओढून नवऱ्याला खेटून बसल्या. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही बाहेर थांबा.

"आता मी हितंच बसतो," वहिनी म्हणाल्या. "तुमी फुडचं इचारा."